सेमिनरीत जायचंय, पण हे सांगू की लपवू?

प्रश्न : मी सोलापूरचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून कॅथलिक चर्चमध्ये वेदीसेवक (उपासनेत फादरांना मदत करणारा) आहे, फादर व्हायची मनापासून ओढ आहे. आई तर नातेवाइकांना सांगूनही मोकळी झाली. पण मला मुलींचं नाही, मुलांचं आकर्षण वाटतं. आजवर कुणाशी संबंध आलेला नाही. मला सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, घेतील का? हे लपवलं तर चालेल का?

उत्तर : प्रिय मित्रा, हे कागदावर उतरवायला तुला किती धीर एकवटावा लागला असेल, ते पत्रातून कळतंय. तुझ्यात काही बिघाड नाही, हे आधी मनात पक्कं कर. कुणी ‘उपचारा’ला चल म्हणालं तर ऐकू नकोस. आकर्षण बदलून देण्याचे असले उपचार करणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता नियम. तो कठीण आहे आणि मी तो सौम्य करून सांगणार नाही. व्हॅटिकनच्या 2005 च्या सूचनेनुसार समलैंगिक संबंध ठेवणाऱ्या किंवा ‘खोलवर रुजलेला’ समलैंगिक कल असणाऱ्या उमेदवाराला सेमिनरीत आणि गुरुदीक्षेला (फादरपदाच्या दीक्षेला) प्रवेश नाही. किशोरवयातली तात्पुरती अवस्था असेल, तर डीकनपदाच्या (फादर होण्याआधीच्या पायरीच्या) किमान तीन वर्षं आधी ती मागे पडलेली हवी. व्हॅटिकनच्याच 2016 च्या प्रशिक्षण-नियमावलीत हेच पुन्हा आलं. ‘खोलवर रुजलेला’ कशाला म्हणायचं, यावर चर्चमध्येच एकमत नाही. काही जण नुसतं आकर्षणही त्यात धरतात, तर काही जण ब्रह्मचर्य शांतपणे पेलता येतं का एवढंच पाहतात. इटलीच्या बिशपांनी जानेवारी 2025 मध्ये लागू केलेल्या मार्गदर्शिकेत उमेदवाराचं सगळं व्यक्तिमत्त्व पाहा असं म्हटलं. पण ती इटलीपुरती आहे आणि मूळ नियम तिने उठवलेला नाही.

म्हणजे दार उघडेलच असं नाही. म्हणून लपवायचं का? माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. दीक्षा मिळावी म्हणून हे दडवणं गंभीर अप्रामाणिकपणा आहे, असं तीच सूचना सांगते. पण मला जास्त काळजी तुझी वाटते. तत्त्वज्ञान, ईशज्ञान, मधली सेवा मिळून आठ-दहा वर्षं जातात. एवढा काळ रोज सकाळी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) उभं राहायचं आणि कुणाला कळलं तर या धास्तीतच झोपायचं, हे कुणालाही आतून पोखरतं. ज्या आयुष्यात लोक तुझ्यापुढे मन मोकळं करणार, त्याचा पाया असा नको.

सांगायचं मात्र जपून, योग्य माणसाला. स्नानसंस्कार आणि दृढीकरणाचे दाखले, पॅरिशच्या (तुझ्या स्थानिक चर्चच्या) फादरांचं पत्र, अर्ज, हे सगळं नंतर. आधी एखादा अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शक गाठ. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. गावात ओळखीपाळखीमुळे अवघड वाटलं तर हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जा, तिथे सेमिनरी आणि धर्मसंघांची घरं आहेत. चर्चच्या कायद्याचं कलम 240 तुला माहीत हवं : सेमिनरीत दीक्षा द्यायची की विद्यार्थ्याला काढायचं, हे ठरवताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरचं मत मागताच येत नाही. तो मार्गदर्शक तुला ‘हा मार्ग घेऊ नकोस’ असं सांगेल, ही शक्यताही धरून जा. तसं सांगणं सूचनेनुसार त्याचं कर्तव्यच आहे.

एक प्रश्न तुझा तूच विचार. ओढ लोकांच्या सेवेची आहे, की पुढे लग्नाचं कुणी विचारू नये म्हणून झगा हवाय? दुसरं असेल तर थांब. पहिलं असेल तर सेमिनरीने नाही म्हटलं तरी ती ओढ खोटी ठरत नाही. बीएड करून शिक्षक हो, एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात किंवा वस्तीत काम कर. श्रद्धाही तुझीच राहते. समलैंगिक व्यक्तींना आदराने, सहानुभूतीने स्वीकारा, असं कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, परिच्छेद 2358 मध्ये लिहिलेलं आहे.

बीएस्सी मधेच सोडू नकोस. आईला सध्या एवढंच सांग, ‘पदवी झाल्यावर ठरवतो.’ बाकीचं तिला कधी सांगायचं, ते तू ठरव. रात्री फार घुसमट झाली तर 14416 वर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला) फोन कर, मराठीत बोलता येतं. मार्गदर्शकाला भेटलास की काय झालं ते मला कळव.