रॅचेट पाना मध्येच घसरतो. आत ग्रीस भरू की तेल सोडू?

ग्रीस ठासून भरू नका. घसरण्याचं कारण अनेकदा तेच असतं. रॅचेटच्या डोक्यात दातेरी चक्र असतं आणि बारीक स्प्रिंगच्या जोरावर एक खटका त्या दातांत बसतो. घट्ट किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये तो खटका चिकटला की अर्धवटच बसतो आणि जोर लावताना सुटतो. बोटं सोलून निघतात ती तेव्हाच.

मागचे स्क्रू किंवा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) काढून डोकं उघडा. त्याआधी डोकं एका फडक्यावर धरा, कारण ती स्प्रिंग टुणकन उडते आणि मग सापडत नाही. खटक्याची दिशा कशी होती त्याचा फोटो काढून ठेवा. भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा. दातांवर पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवा, खटक्याच्या खिळीला मशीन ऑइलचा एक थेंब पुरे. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक, पण वंगण म्हणून फार टिकत नाही.

दातांची टोकं गोल झाली असतील तर वंगणाने काही होणार नाही, रिपेअर किट (आतल्या सुट्या भागांचा नवा संच) टाका. टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) असेल तर मात्र हे काहीच करू नका, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची अचूकता, बिघडू शकतं.