कॉर्टिसॉल, सापाची कात आणि 'हाडांची झीज'

प्रश्न असा आलाय: 'ॲड्रिनल ग्रंथीत गाठ होऊन मावशीचं कॉर्टिसॉल वाढलं आणि मणका मोडला. घरात सगळे "हाडांची झीज" म्हणतात, एका लेखात ऑस्टिओपोरोसिससाठी "अस्थिसुषिरता" वाचलं. बरोबर काय?'

झीज नव्हे! किती वेळा सांगायचं? झीज उंबरठ्याची होते, चपलेच्या टाचेची होते. गुडघा झिजतो म्हणजे त्यातली कूर्चा झिजते. इथे कशावर काही घासतच नाहीये. आता कुणीतरी 'झिजणे'चं मूळ 'क्षीयते' काढून दाखवेल, म्हणजे नुसतं कमी होणं. मूळ मान्य, पण व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही.

एवढं बजावून मी लगेच व्युत्पत्तीकडेच वळतो, कारण खरी मेजवानी 'कॉर्टिसॉल'मध्ये आहे. त्यातलं 'कॉर्टेक्स' लॅटिन, अर्थ झाडाची साल. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ही ॲड्रिनल ग्रंथी. तिच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, बनतं ते कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक (हॉर्मोन). (ग्रंथीचं मराठी नाव अधिवृक्क. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, गुर्द्याचा चुलतभाऊ. 'अधिवृक्ष' लिहिणाऱ्यांनी कृपया झाडावरून उतरावं.) साल म्हणजे कापून, सोलून निघते ती. संस्कृतात कृत् म्हणजे कापणे, त्यावरून कृत्ति म्हणजे चामडं. ते पांघरणारा शंकर कृत्तिवास. कृत्तीची प्राकृतात झाली कत्ति, मराठीत कात, साप टाकतो ती. कातडी तिचीच लेक आणि कातर आतेबहीण. कॉर्टेक्सलाही भाषाशास्त्रज्ञ याच घराण्यात बसवतात! खैराच्या कातात कमावतात म्हणून ते कातडं, असं मला ठणकावून सांगणारे जाणकार भेटलेत. तो कात 'क्वाथ'वरून आला, म्हणजे काढा. उच्चार जुळला की सोयरीक जमवायची ही खोड जुनीच.

हाडाचंच बघा ना, तेही जन्मभर कात टाकत असतं. पेशींची एक टोळी जुनं हाड खरवडते, दुसरी तिथे नवं भरते. कॉर्टिसॉलचा अतिरेक झाला की भरणारी टोळी रोडावते, तिच्यातल्या पेशी अकाली मरतात. खरवडणाऱ्या मात्र जास्त जगतात. त्यात आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त वाहून जातं. नाव सालीचं, पण पहिला घाव गाभ्यावर: हाडाची घट्ट साल (तिलाही कॉर्टेक्सच म्हणतात) बरीचशी टिकून असते, तेव्हा आतली जाळी विरू लागलेली असते. मणके आणि बरगड्या जाळीच्या जोरावर उभ्या, म्हणून आधी त्याच मोडतात. कधी नुसत्या खोकल्याने, कधी घनतेची तपासणी फारशी वाईट नसतानाही. मेंदूचा अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग याने १९३२ साली या आजाराचं जे चित्र मांडलं त्यातही मऊ पडलेली हाडं होतीच. चेहरा गोल होणं, पोट सुटणं ही ठळक लक्षणं नसतानाही थोड्याशा जादा कॉर्टिसॉलने मणके दबू शकतात. म्हणून अशी गाठ दिसली की रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी (कॉर्टिसॉलसारखंच कृत्रिम औषध, ज्याने एरवी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल खाली यायला हवं) देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजतात; ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या वर राहिलं की डॉक्टरांचे कान टवकारतात.

हां, तुमचा शब्द राहिलाच. 'सुषिर' म्हणजे भोकं असलेलं. बासरी हे सुषिर वाद्य. तेव्हा 'अस्थिसुषिरता' अर्थाने चोख, पण आजारी माणसाला सांगताना सरळ 'हाडं आतून पोखरलीत' म्हणा, नाहीतर 'ठिसूळ झालीत'. 'झीज' म्हटलं की घरातले 'वय झालं, चालायचंच' म्हणून मोकळे होतात आणि गाठ राहते जागच्या जागी. गाठ काढली की हाड पुढच्या काही महिन्यांत-वर्षांत बरंचसं भरून येतं. दबलेल्या मणक्याची गेलेली उंची मात्र परत येत नाही.