कारखान्यातला 11 वर्षं जुना नेटवर्क स्विच अजून चालतोय, तरी बदलावा का?

तुमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, 24 पोर्टचा स्विच (कॉम्प्युटर, कॅमेरे एका नेटवर्कला जोडणारी पेटी) 11 वर्षांचा झालाय, सकाळी सगळं ठीक असतं आणि दुपारी दोननंतर टॅली अडकतं, कॅमेरे जातात. विक्रेता म्हणतो पाचही स्विच बदला. मी सोलापुरात हीच कामं करतो. पाचही बदलू नका, पण हा एक बदला.

‘दुपारी’ लिहिलंत तिथंच निम्मं उत्तर आलं. उन्हाळ्यात बाहेरच 42-43 अंश, मग पत्र्याखालच्या बंद रॅकमध्ये काय होत असेल! स्विचच्या पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतलं द्रव उष्णतेनं सुकत जातं. ढोबळ हिशेब असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं. म्हणजे एसी खोलीतली 11 वर्षं आणि मागांशेजारची 11 वर्षं एक नव्हेत.

त्यात सुताचं तूस. मध्यंतरी एका शेडमधला स्विच उघडला, तर पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा गुलाबी थर. तेव्हा गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती. नखानं उचकला तर अख्खा तुकडा निघून आला. आत दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. मालक तरीही, "चालू हाय की, कशाला बदलायचं?"

खात्री करायची असेल तर एक दिवस दुपारी रॅकचं दार उघडून समोर टेबल फॅन लावा. त्या दिवशी टॅली नीट चाललं, तर दोष उष्णतेचाच. फॅन लावूनही अडकलं, तर केबल आणि पोर्ट बदलून बघा. कॅमेऱ्यांना वीज त्याच स्विचमधून जात असेल, तर सप्लाय थकल्यावर बहुधा आधी तेच बंद पडतात.

आता खरी गोम. जुना स्विच 100 एमबीपीएसचा असेल, तर त्याला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच वायरमननी एकाच केबलवर दोन कॉम्प्युटर चालवलेत. गिगाबिटला (1000 एमबीपीएस) चारही जोड्या लागतात. नवा स्विच बसवल्यावर अशा लाइनी 100 वरच अडकतात, कधी पोर्टचा लाइटच लागत नाही, आणि शिव्या नव्या स्विचला बसतात. आधी केबलची टोकं उघडून बघा.

नवा घेताना पीओईचे, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देण्याच्या सोयीचे, एकूण वॅट विचारा. पीओईच्या साध्या 802.3एएफ प्रकाराला दर पोर्टला 15.4 वॅट, म्हणजे 24 पोर्टांना जवळपास 370 वॅट. बऱ्याच स्वस्त स्विचमध्ये तेवढी ताकद नसते. कंपनी सॉफ्टवेअर अपडेट अजून देते का, हेही विचारा. ऑफिस आणि शेड वेगळ्या इमारतीत असतील, तर मधे तांब्याची केबल नको, फायबर टाका. वीज कडाडली की तांब्याच्या केबलवरून झटका दोन्हीकडे पोचतो.

बदलायचा दिवस गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीतला धरा. आदल्या दिवशी पोर्टांचे फोटो काढा, प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळे नेटवर्क) असतील तर कॉन्फिगरेशन, म्हणजे सगळी सेटिंग, उतरवून ठेवा. उरलेले चार स्विच ब्रशनं साफ करून चालू द्या, पण एक साधा 8 पोर्टचा कपाटात ठेवा. आणि जुना भंगारात देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, पासवर्ड त्यातच असतात.