मुलीला अभिनय शिकायचाय, पण ती जेवतच नाही

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. जुने हॉलिवूडपट पाहून तिला अभिनयाचं वेड लागलंय. त्या नायिकांसारखी कंबर हवी म्हणून तीन महिने ती सूप आणि काळ्या कॉफीवर राहते. पाळीही येत नाही. तिला नाट्यशिक्षणाला पाठवू का? – एक आई, सांगली

ताई, पाठवा. पण आधी दवाखाना, मग प्रवेशअर्ज.

याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वजन, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि ईसीजी तपासून घ्या. चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडू लागलं, तर त्याच दिवशी न्या. काळजीपोटी एकदम भरपेट खाऊ घालू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाला धोका होतो. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर सांगतील. वजनकाटा उचलून ठेवा. जेवताना तिच्याजवळ बसा, पण विषय खाण्याचा नको. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

सूप आणि काळी कॉफी तिने बहुधा जुन्या हॉलिवूडची नटी ज्युडी गार्लंड हिच्याबद्दल वाचून उचलली असावी. मग पुढचंही वाचायला द्या. एमजीएम या फिल्म स्टुडिओने ज्युडीला १९३५ मध्ये, अवघ्या १३व्या वर्षी करारात बांधलं. स्टुडिओने लादलेल्या सूप-कॉफीच्या आहारासोबत भूक मारायला अ‍ॅम्फेटामाइन आणि झोपेसाठी बार्बिट्युरेट गोळ्या होत्या. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये ती लहान दिसावी म्हणून तिची छाती कॉर्सेटने आवळली होती. गोळ्या पुढे सुटल्याच नाहीत. १९६९ मध्ये ४७व्या वर्षी बार्बिट्युरेटच्या अतिमात्रेने ती गेली. त्याच काळातली दुसरी नटी रिटा हेवर्थ, तिचं मूळ आडनाव कान्सिनो. ती स्पॅनिश वाटू नये म्हणून आडनाव बदललं, काळे केस तांबूस केले, आणि कपाळावरच्या केसांची मुळं विजेच्या सुईने जाळून केसांची रेषा मागे नेली. प्रसिद्धीच्या फोटोंच्या निगेटिव्हवर पेन्सिल आणि चाकू चालवून चेहरे गुळगुळीत केले जात. तुमची मुलगी स्वतःला या साऱ्या कारागिरीशी ताडून पाहतेय.

त्या नट्यांना नाही म्हणणंही महाग पडे. भूमिका नाकारली की बिनपगारी घरी बसायचं, आणि तेवढे दिवस कराराच्या मुदतीत वाढायचे. नटी ऑलिव्हिया डी हॅविलंडने वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओविरुद्धचा खटला १९४४ मध्ये अपिलातही जिंकला, तेव्हा ही मुदतवाढ थांबली. तुमच्या मुलीवर असला कुठलाच करार नाही, हे तिला जरूर सांगा.

बारावीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यविषयाची पदवी घेता येते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) आणि पुण्याची फिल्म संस्था (एफटीआयआय) यांचे अभिनयाचे मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे, म्हणजे घाई नाही. पदवी पुण्यात केली तर पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत काम करता येईल. भूमिका नाही मिळाली तर बॅकस्टेजही चालेल. नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी निवडीच्या वेळी पाठ केलेलं स्वगत, आवाज, हालचाल आणि उत्स्फूर्त प्रसंग पाहतात. उपाशी पोटी श्वास दोन ओळींत संपतो, स्वगताचा शेवट ऐकूच जात नाही. ताकद परत आली आणि डॉक्टर हो म्हणाले की रोज अर्धा तास मोठ्याने वाचन सुरू करू द्या.

प्रवेशासाठी किंवा ऑडिशनसाठी फोटो मागितले तर तीन पुरेत : समोरून, बाजूने आणि पूर्ण उभं. खिडकीचा उजेड, फिल्टर नाही, फोन डोळ्यांच्या उंचीवर आणि दीड-दोन मीटर लांब. हातभर अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं आणि कान लहान दिसतात. त्या फोटोवरून चेहऱ्यात दोष काढत बसू नये. ऑडिशनसाठी पैसे मागितले तर तिथून सरळ निघून या.