छोट्या वॉटर पार्कला गाजलेल्या कार्टून चित्रपटांच्या राइड जोडाव्यात का?

तुम्ही विचारलंय की बेळगाव-निपाणी हायवेला तुमचं लहान वॉटर पार्क आहे, शेजारची साडेचार एकर जागा मिळतेय, तिथं गाजलेल्या कार्टून चित्रपटांच्या राइड बांधल्या तर चालतील का, आणि खर्च किती येईल.

चालतील. खरं तुमच्या मनात जे असणार, म्हणजे तयार राइड आणायची, तिच्यावर ओळखीची तोंडं चिकटवायची आणि बोर्ड लावायचा, ते करू नका. मी हे करून बसलोय.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी कामाचं शॉप आहे. पूर्वी थोरल्या भावाबरोबर होतं, आता दोघांची शेड वेगळी. गणपतीच्या आधी दोन महिने आम्ही मंडळांचे हलते देखावे करायचो. ट्रकची वायपर मोटर, क्रँक, रॉड, एवढ्यावर राक्षसाची मान हलते. हे काम बघूनच आपल्याच जिल्ह्यातल्या एका पार्कचा मालक आमच्याकडं आला. 2016 चा पावसाळा संपत होता. त्याच्याकडं एक जुना भूतबंगला होता. काळोखी शेड, आत रुळावर आठ ट्रॉल्या, मधल्या वळणावर ट्रॉली हिसका देऊन थांबायची आणि वरून सांगाडा पडायचा. पोरं त्याला कंटाळली होती.

मालकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये 1988 पासून मेलस्ट्रॉम नावाची नॉर्वेची बोट राइड होती. 2014 मध्ये ती बंद केली आणि जून 2016 मध्ये त्याच पाण्याच्या वाटेवर, त्याच बोटींत 'फ्रोझन' चित्रपटाची गोष्ट बसवून पुन्हा सुरू केली. मालक म्हणाला, "बघा, जुन्या राइडला नवी तोंडं लावली. आमच्या भूतबंगल्याचा बर्फाचा महाल करा."

दादाला ते लगेच पटलं. "तोंड ओळखीचं पायजे, बाकी कोण बघतंय?" हे त्याचं वाक्य मी आजपर्यंत ऐकतोय.

मी तो व्हिडिओ त्या रात्री दहा-बारा वेळा बघितला. त्यांनी नुसती तोंडं बदललेली नव्हती. जुन्या राइडमध्ये बोट मध्येच उलटी मागं जायची, तिथले ट्रोल, म्हणजे नॉर्वेच्या लोककथांतले राक्षस, जादूनं तिला मागं ढकलतात अशी गोष्ट होती. नव्या राइडमध्येही बोट तिथंच उलटी जाते, खरं आता चित्रपटातल्या बर्फाच्या राणीची, एल्साची जादू तिला ढकलते. यंत्र तेच, हिसका तोच, पण त्याला गोष्टीतलं कारण मिळालं. आत बसलेल्या पोराला वाटतं, हे माझ्याबरोबर होतंय. मी दादाला म्हटलं, आपल्या ट्रॉलीचा हिसकाही असाच वापरू. सांगाड्याच्या जागी बर्फाचा दरवाजा करू, ट्रॉली त्यावर आदळायच्या बेतात थांबेल, दरवाजा उघडेल आणि आतून गार वारा अंगावर येईल. चार मोठे कूलर भिंतीमागं, त्यांच्या हवेचा डक्ट वळणावर. बस.

दादानं पैसा चेहऱ्यात घातला. राणीची फायबरची मूर्ती, हलणाऱ्या पापण्या, वर जाणारा हात, केसांचा टोप. माझ्या वाट्याला कूलर आणि दरवाजा आला, तोही मालकाशी भांडून. बर्फ फायबरचा करू म्हटलं तर पैसे नाहीत म्हणून थर्माकोलचा केला.

मे 2017, पहिला रविवार. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुपारी तीनला हाताची मोटर तापून बंद पडली, राणीचा हात नाकासमोर अडकला. मी शेडच्या मागं डक्टजवळ उभा होतो. एकेक ट्रॉली वळणावर आली की हिसका, काळोख, दरवाजा, आणि तो गार झोत लागला की आतून जो ओरडा उठायचा तो मी विसरणार नाही. राणी अजून पुढच्या वळणावर होती. तिचं तोंड दिसायच्या आधीच पोरांची राइड झाली होती. रांगेत वडगावची मराठी पोरं होती, गोकाककडची कन्नड बोलणारी होती, उर्दू बोलणारी होती. ओरडा एकच.

म्हणून आमच्या भागात बांधणाऱ्याला माझं पहिलं सांगणं, आत निवेदन ठेवू नका. मालकाला मराठी निवेदन पाहिजे होतं, मग कुणी म्हणालं कन्नडही पाहिजे, ट्रॉली दोन्ही संपेपर्यंत थांबवायची का यावर आठ दिवस गेले. गणपतीच्या देखाव्यापुढं निम्मं माणूस दुसऱ्या भाषेचं असतं, तरी त्याला सगळं कळतं. जे नुसतं बघून कळत नाही ते बांधायला घेऊच नका.

त्या महालाचं पुढं काय झालं? पावसाळ्यात थर्माकोलवर काळी बुरशी चढली. खानापूरच्या बाजूचा ओलावा तुम्हाला सांगायला नको. मालकाच्या नात्यातल्या एका वकिलानं त्याला बसवून समजावलं की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या चित्रपटातलं पात्र लावून तिकीट घेणं महागात पडेल. मूर्ती उतरवली, तिचे उरलेले पैसे आम्हाला मिळाले नाहीत. भूत परत आलं. कूलर मात्र तिथंच राहिले, दर मे महिन्यात चालतात.

हक्काचं नीट समजून घ्या. आपल्याकडं 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरची 60 वर्षं टिकतो. 2013 चा 'फ्रोझन' म्हणजे 2073 संपेपर्यंत. रीतसर परवाना घेऊन काम होतं, खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कात छोटा भीमची राइड आहे. साडेचार एकरवाल्याला तो परवाना परवडेल असं मला वाटत नाही. दुसरा रस्ता मोकळा आहे. 'फ्रोझन'ला प्रेरणा देणारी हिमराणीची गोष्ट डॅनिश लेखक अँडरसननं 1844 मध्ये लिहिली, ती कुणीही वापरावी. फक्त चित्रपटातले चेहरे, कपडे, नावं, गाणी उचलू नका.

आणि टोकियोकडं बघून मन खट्टू करू नका. तिथं डिस्नेच्या डिस्नेसी पार्कात जून 2024 मध्ये 'फ्रोझन', रॅपुंझेल आणि पीटर पॅनवर जो नवा भाग उघडला त्याला सुमारे 320 अब्ज येन लागले. आपल्याला तसं करायचंच नाही. एकच शेड, एकच गोष्ट, उन्हातून आत आल्याक्षणी सुरू होणारी. रांग लागते तिथं छप्पर घाला, गोष्ट रांगेतच सुरू करा. शंभर रुपयांतले तीस देखभालीला बाजूला ठेवा, नाहीतर मोटर रविवारीच बंद पडते. खर्चाचा आकडा जागा बघितल्याशिवाय मी देणार नाही, जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रूळ आणि ढाच्याचं गणित मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या, माझ्यासारख्याच्या अंदाजावर पोरं बसवू नका.

एक गोष्ट दादाच्या बाजूनं आहे, ती लपवणार नाही. 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. बघणाऱ्यानं स्वतःला तिच्या जागी समजावं, असा विचार. म्हणजे माझाच विचार. लोक बाहेर येऊन विचारत, ती कुठं होती? शेवटी 1983 च्या दुरुस्तीत तिची मूर्ती बसवली. त्या रविवारी आमच्या शेडच्या दारातही दोन पोरींनी दादाला विचारलं होतं, "राणीचा हात का हलत नाही?" ते त्यानं ऐकलं, मी नाही. मी मागं डक्टजवळ होतो.

तेव्हा चेहरा लागतोच, पण शेवटच्या वळणावर, आणि उरलेल्या पैशात. जागा बघायला बोलावलंत तर मी दादालाही घेऊन येईन. दरवाजापासून वळणापर्यंतचं काम माझं, चेहरा त्याचा. आणि यावेळी मोटरला पंखा लावायचा.