'बायोमार्कर'साठी जैवसूचक की जैवखूण?

रक्त, मूत्र, लाळ अशा शरीरद्रवांतील प्रथिनांवरून रोग ओळखण्याविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना 'बायोमार्कर'ला (रोगाची किंवा शरीराच्या अवस्थेची कल्पना देणाऱ्या, मोजता येणाऱ्या घटकाला) 'जैवसूचक' म्हणावे काय, आणि 'व्हॅलिडेशन' म्हणजे पडताळणी झालेले प्रथिन 'सिद्ध झाले' असे लिहावे काय, असे विचारले आहे.

'जैवसूचक' अर्थाच्या दृष्टीने चुकीचा नाही, पण तो पर्यावरणशास्त्रात आधीच गुंतलेला आहे. हवेच्या शुद्धतेचा अंदाज ज्यावरून घेतात त्या दगडफुलालाही जैवसूचक म्हणतात. 'जैवचिन्ह'ही मी टाळेन, कारण रुग्ण सांगतो ते लक्षण आणि तपासणीत डॉक्टरांना आढळते ते चिन्ह, हा वैद्यकातला उपयुक्त भेद आहे आणि प्रयोगशाळेत मोजलेले प्रथिन त्या दोहोंत नीट बसत नाही. म्हणून माझी पसंती 'जैवखूण' या शब्दाला आहे. संस्कृत आणि रुळलेल्या मराठी शब्दाचा हा जोड काहींना खटकेल, परंतु 'अणुभट्टी' आपण विनातक्रार वापरतो. शिवाय 'जैवखुणेचे', 'जैवखुणांवरून' ही रूपे सहज तोंडात बसतात.

'सिद्ध' या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या आणि रक्तात मोजल्या जाणाऱ्या 'पीएसए' ('प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन') या प्रथिनाच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1986 मध्ये मान्यता दिली ती कर्करोगाचे निदान आधीच झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कर्करोग शोधण्यास साहाय्यक म्हणून मान्यता 1994 मध्ये मिळाली. प्रथिन तेच, पण उपयोग बदलला की पुरावाही नव्याने द्यावा लागतो. (त्याच्या नावातील 'स्पेसिफिक'चे 'विशिष्ट' करतानाही जपावे: ते त्या ग्रंथीशी निगडित आहे, कर्करोगाशी नव्हे, ग्रंथीची साधी वाढ किंवा दाह असतानाही त्याची पातळी चढते.)

चाचणी प्रथिन अचूक आणि दर वेळी सारखेच मोजते का, ही 'मोजणीची पडताळणी'. त्या पातळीचा रोगाशी संबंध खरोखर आढळतो का, ही 'वैद्यकीय पडताळणी'. या दोन्हींतून उतरलेल्या चाचणीमुळे रुग्णाचे भले होते का, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि त्यासाठी 'वैद्यकीय उपयुक्तता' हा वेगळा शब्दप्रयोग राखून ठेवावा. तेव्हा 'हे प्रथिन सिद्ध झाले' याऐवजी 'उपचारांच्या देखरेखीसाठी पडताळलेली जैवखूण' असे, म्हणजे उपयोगाचा उल्लेख करूनच, लिहावे.