अकरा नावांची यादी, फोन एकालाही नाही

या वेळी तीन पत्रं घेतलीयेत, तिन्ही बाळंतपणानंतरच्या डिप्रेशन आणि एन्झायटीबद्दलची. नावं दिलेली नाहीत. पहिल्या पत्रालाच बरीच जागा गेलीये, पण त्यात जे अडलंय तेच थोड्याफार फरकाने बाकी दोघांचंही अडलंय.

प्रश्न : ताई, माझी मुलगी दहा आठवड्यांची आहे. ती झोपली तरी मला झोप लागत नाही. मोबाइलचा उजेड भिंतीवर पाडून तिची छाती वरखाली होतीये का बघत बसते, मग नाकापाशी बोट धरते, पाच मिनिटांनी परत तेच. जिना उतरताना डोळ्यासमोर येतं की ती माझ्या हातून पडली, आणि सुरी दिसली की त्याहून वाईट काहीतरी येतं, ते लिहवत नाही. सगळ्या सुऱ्या मी वरच्या कपाटात मागे सारून ठेवल्यात. रात्री तीनला मोबाइलवर शोधाशोध करते, नोट्समधे अकरा डॉक्टरांची नावं झालीयेत, फोन एकालाही केला नाही. हे सांगितलं तर मला वेडी ठरवून बाळ काढून घेतील का?

उत्तर : आधी सुरीचं बोलू, कारण तू ते अर्धवटच लिहिलंयस. असे नको असताना घुसणारे विचार, ज्यांना इंट्रुसिव्ह थॉट्स म्हणतात, नव्या आयांमधे इतके कॉमन आहेत की ऐकून तुला धक्का बसेल. बाळाला चुकून काही होईल असे विचार जवळपास सगळ्यांनाच येतात आणि आपल्याच हातून मुद्दाम काही होईल असे विचारही साधारण निम्म्या जणींना येऊन गेल्याचं अभ्यासात दिसलंय, फक्त कुणी बोलत नाही. तुला त्या विचाराची भीती वाटते, किळस येते, म्हणून तू सुऱ्या लपवल्यास. हे एन्झायटीचं लक्षण असतं, तुझ्या मनात तसं करायचंय याचं नाही.

वेगळं आणि खरोखर तातडीचं असतं ते पोस्टपार्टम सायकोसिस. हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा होतं, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतं. त्यात बाईला आवाज ऐकू येतात, कुणीतरी बाळाच्या जिवावर उठलंय किंवा बाळच बदललंय असं पक्कं वाटायला लागतं, दोन-दोन रात्री झोप नसूनही थकवा नसतो, आणि तिला येणारे भयानक विचार तिला भयानक न वाटता बरोबर वाटतात. असं काही दिसलं, किंवा जीव द्यावासा वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही, बाळही तिच्याकडे एकटं ठेवायचं नाही. तुझ्या पत्रात मला हे दिसत नाही, पण पत्रावरून निदान होत नसतं म्हणून डॉक्टरला भेटायचंच आहे. बाळंतपणानंतरचे पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला सुरीचा विचार नवीन नसतो, तो ऐकून घेतो आणि उपचाराचं बोलतो.

आता ती यादी. अकरा नावं जमवलीस याचा अर्थ तू आळशी नाहीयेस, प्रयत्न करतीयेस. पण फोन लावा, होल्डवर थांबा, कुणा अनोळखी माणसाला पहिल्यापासून सगळं सांगा, वेळ जमत नाही म्हटलं की पुढचा नंबर लावा, या कामाला जे डोकं लागतं नेमकं तेच हा आजार काढून घेतो. पाय मोडलेल्या माणसाला कुणी म्हणत नाही की जा, चालत जाऊन व्हीलचेअर घेऊन ये, पण इथे अगदी तेच चाललेलं असतं. मदत शोधायचं काम आजारी बाईच्या गळ्यात मारायचं आणि वर म्हणायचं की हिला बरंच व्हायचं नाहीये. मला याचा फार राग येतो, असो.

म्हणून यादी आजच दुसऱ्या कुणालातरी दे. सगळ्यात प्रेमळ माणूसच शोधायला हवा असं नाही, गळ्यात पडून रडणारी मैत्रीण इथे कामाची नाही. तिकीट काढ म्हटलं की अर्ध्या तासात तिकीट काढून मोकळी होते ना, तशी एखादी बहीण, दीर, ऑफिसातली कुणी, ती हवी. तिने फोनवर एवढंच विचारायचं : बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचे पेशंट बघता का, दूध पाजणाऱ्या आईला औषध देता का, आणि लवकरात लवकर वेळ कधीची आहे. पहिल्या प्रश्नाला समोरचा अडखळला की पुढचा नंबर. तोंडाने सांगणं जमत नसेल तर हा मेसेज जसाच्या तसा पाठव : ‘बाळंतपण होऊन दहा आठवडे झालेत. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. नको ते विचार येतात, त्यांची भीती वाटते. मला डॉक्टरकडे जायचंय, फोन तू कर आणि माझ्याबरोबर ये.’ शेवटचे तीन शब्द खोडू नकोस.

जायच्या आधी एडिंबरा स्केल भरून ने. 1987 साली स्कॉटलंडमधे तयार झालेली दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, अनेक भाषांत मिळते, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, पाच मिनिटांत होते. प्रत्येक उत्तराला 0 ते 3, एकूण 30. साधारण 10 च्या पुढे गेलं की नीट तपासायला हवं असं धरतात, काही ठिकाणी 13 धरतात. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे, त्याला ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरशी बोलायचं. याचा खरा फायदा असा की डॉक्टरसमोर बसल्यावर ‘तसं बरंय’ असं तोंडातून निघून जातं, कागदावरचं तसं निघून जात नाही.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे. सारखं रडू येतं, कशातच मन लागत नाही. आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले होतं असं, आराम करा. सासूबाई म्हणतात अंगावर पाजतीयेस, गोळ्या घेऊ नकोस. जवळपास मानसोपचार तज्ज्ञ पण नाहीत.

उत्तर : ‘होतं असं’ हे बेबी ब्लूजबद्दल खरं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू यायला लागतं, बहुतेक जणींना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पाच महिने टिकलं म्हणजे ते ब्लूज नाही. त्याच डॉक्टरकडे परत जा किंवा दुसरा बघ, पण या वेळी तारखेनिशी सांग : पाच महिने झाले, रोज रडू येतं, अमुक अमुक कामं होत नाहीत. आणि थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइड बिघडू शकतो आणि त्याची लक्षणं डिप्रेशनसारखीच दिसतात.

गोळ्यांचं म्हणशील तर सासूबाईंची काळजी चुकीची नाही, माहिती जुनी आहे. सर्ट्रालीनसारखी डिप्रेशनवरची औषधं दुधात फार कमी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना वर्षानुवर्षं दिली जातायत. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, मधेच मनाने बंद करायची नाहीत. तुला किंवा घरात कुणाला बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) असेल तर ते आधी सांग, औषध त्यावर बदलतं. आजार हलका असेल तर नुसत्या थेरपीनेही भागतं, सीबीटी (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी थेरपी) आणि इंटरपर्सनल थेरपी (जवळच्या नात्यांतल्या अडचणींवर काम करणारी) या दोन्हींचा उपयोग होतो.

तज्ज्ञ जवळ नाहीत म्हणून सगळं संपलं असं अजिबात नाही. पाकिस्तानात खेड्यापाड्यातल्या आरोग्यसेविकांना थोडं ट्रेनिंग देऊन त्यांनीच आयांच्या घरी जाऊन सीबीटीवर आधारलेल्या गप्पा मारायच्या असा प्रयोग झाला, त्याचा रिपोर्ट 2008 मधे आला. डिप्रेशन असलेल्या ज्या आयांना हे मिळालं त्यांच्यातल्या 23 टक्क्यांनाच बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर डिप्रेशन होतं, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात 53 टक्क्यांना. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं मॅन्युअल काढलं. तेव्हा तुझ्याकडे येणारी नर्स, आरोग्यसेविका, फॅमिली डॉक्टर, यांच्यापासून सुरुवात करायला कमीपणा मानू नकोस. तज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवरही बोलता येतं. पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल ही 1987 मधे सुरू झालेली संस्था फुकट ऑनलाइन ग्रुप घेते, इंग्रजी समजत असेल तर एकदा नुसतं ऐकायला बस. मात्र ग्रुप हा उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही.

प्रश्न : बायको चारचौघांत हसून बोलते, घरात गप्प असते. विचारलं की ‘काही नाही’. बाळ चार महिन्यांचं आहे. मी काय करू? मलाही हल्ली ऑफिसातून घरी यावंसं वाटत नाही.

उत्तर : ‘काय झालंय’ विचारू नका, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. बघितलेलं सांगा : ‘तू काल दुपारी जेवली नाहीस, आणि बाळ रडत होतं तेव्हा तू दारात नुसती उभी होतीस, मला काळजी वाटतीये, मी गुरुवारची वेळ घेतलीये, आपण दोघं जाऊ.’ वेळ घेऊन मग सांगा, घेऊ का म्हणून विचारू नका. ती नाही म्हणाली तर चिडू नका, अपॉइंटमेंट तशीच ठेवा आणि बुधवारी परत विचारा. आणि रात्रीची एक सलग झोप तिला मिळेल असं बघा, निदान चार-पाच तास, त्या वेळात बाळ पूर्ण तुमचं. दूध आधी काढून ठेवा नाहीतर वरचं द्या, यात वाद घालायची ही वेळ नाही.

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. साधारण दहातल्या एका बापालाही या काळात डिप्रेशन येतं. गुरुवारी डॉक्टरांना ते वाक्यही सांगा, जसं मला लिहिलंत तसंच.